‘सभ्य माणसाची मारामारी’चा प्रस्ताव

४ फेब्रुवारी १९९६, रविवार
वाशीला चारुलताबाईंचं लेखन-शिबिर. बाई स्वतः प्रकाशक. म्हणाल्या, अख्खं बाड घेऊन दारात येऊ नका, आधी प्रस्ताव पाठवा. पुस्तक काय, वाचणार कोण, लेखक तुम्हीच का, आणि एक नमुना प्रकरण. तिथल्या तिथे ठरवलं. पुस्तक: ‘सभ्य माणसाची मारामारी’. नोकरदारांसाठी, सचित्र. महिन्याच्या आत प्रस्ताव रवाना!
घरी येऊन मीनाला सांगितलं. ती म्हणाली, आधी वरच्या हौसेरावाशी बोला, तीन दिवस नळाला पाणी नाही.

५ फेब्रुवारी
हौसेरावाची नोंद करून ठेवतो. राहणार आमच्याच बिल्डिंगमध्ये, तिसरा मजला. गच्चीवरचा आमच्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करतो, म्हणजे त्याच्याकडे प्रेशर वाढतं. वॉचमन गंगारामने व्हॉल्व्ह उघडला तर त्याचे दोन दात पाडले. मी निषेधाचं पत्र लिहिलं. दिलं नाही. भाषा फार जहाल झाली होती.
मीना म्हणते, या महिन्यात काही केलं नाहीत तर मी पनवेलला भावाकडे जाते, कायमची. उगाच टेन्शन घेते. पुस्तक आलं की हौसेराव आपोआप वचकेल.

९ फेब्रुवारी, सकाळी ६
‘वाचणार कोण’ पूर्ण. अख्खी नवी मुंबई.
‘तुम्हीच का’ अडलंय. मी आजवर कोणाला मारलेलं नाही. सराव सुरू केला. पोत्यात रद्दी भरून ठोसे. पहिलाच ठोसा पोतं चुकवून लोखंडी कपाटावर. मधलं बोट टम्म सुजलं. कपाटालाही पोचा आलाय. बरोबरी.

११ फेब्रुवारी, रविवार
फील्डवर्क. दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जाऊन सुमित्राबाई नावाच्या कोळणीशी मुद्दाम भांडण काढलं. एकाच सुरमईचे कल्ले चार वेळा दाबले आणि शिळी म्हणालो. ती म्हणाली, सकालचीच हाय, घ्याची हाय का नुसती दाबाची हाय? मी पवित्रा घेतला. तिने तीच सुरमई शेपटीला धरून माझ्या कानाखाली हाणली. मी खाली. मग दुसऱ्या कानाखाली. चष्म्याची काच गेली, ओठ फाटला. सुरमई घ्यावीच लागली.
धडा पहिला: शत्रूच्या हातात काय आहे ते आधी बघावं.

१७ फेब्रुवारी
मीटरवरून रिक्षावाल्याशी वाद. त्याने सात मारल्या. मी शांतपणे मोजल्या. नवं प्रकरण सुचलं: ‘मार कसा मोजावा’. असं कोणी लिहिलं नसेल.

२० फेब्रुवारी
हौसेरावाने जिन्यात कॉलर धरून मला उचललं. म्हणाला, काय रे, माझ्यावर लिहितोस म्हणे? मी नाही म्हणालो. ते खरंच आहे, पुस्तकात नावं बदलणार आहे. सोडताना त्याने भिंतीवर आपटलं. खांद्याला बर्फ. मीनाने दिला.

२५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११
भाग्याचा दिवस! मीना पाना घेऊन गच्चीवर गेली आणि व्हॉल्व्ह उघडून आली. हौसेरावाने तिला आमच्याच दारासमोर गाठलं. हात पिरगळला, केस धरले. तिने त्याच्या मनगटाचा लचका तोडला, पोटात गुडघा घातला, मग पाना नडगीवर. तो पाच पायऱ्या गडगडत गेला. नाकातून रक्त! मीनाची करंगळी मोडली.
सगळं मी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि क्रमाने टिपून घेतलं. मध्ये पडलो असतो तर इतकं अचूक टिपणं अशक्य होतं.
नळाला फुल प्रेशर.

२६ फेब्रुवारी
नमुना प्रकरण तयार. टिपणं जशीच्या तशी उतरवली, फक्त मीनाच्या जागी ‘मी’. बाई म्हणाल्याच होत्या, लेखक पानावर दिसला पाहिजे. ‘तुम्हीच का’ही सुटलं. रजिस्टर पोस्टाने रवाना.
मीनाच्या हाताला प्लास्टर. माझ्याशी बोलत नाही. दुखत असणार.

९ मार्च
चारुलताबाईंचं पत्र! प्रकरण एका बैठकीत वाचलं म्हणतात. करार करायला तयार. मी जिंकलो!
एकच शंका काढलीय. मारामारी चालू असताना तुम्ही मागे हात नेऊन स्वतःच्याच दारावर तीनदा थापा मारता, ‘दार उघडा’ म्हणून ओरडता. दार उघडत नाही. आत कोण होतं? उघडलं का नाही? वाचक विचारणारच, तेवढ्या दोन ओळी घाला.
घाईत ते थापांचं तसंच राहून गेलं. किरकोळ दुरुस्ती. उद्या करतो.

१० मार्च, रविवार
पत्र मीनाने वाचलंय. टेबलावर उघडंच होतं, शेजारी माझं पेन.
पहिला खर्डा: घरात कोणी नव्हतं. फाडला.
दुसरा: लॅच बिघडलं होतं. फाडला.
मीना समोर बसून डाव्या हाताने मेथी निवडत होती. दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली. तिने विचारलं, झाल्या का दोन ओळी?
आत मी होतो.
पहिली थाप पडली तेव्हा मी वरची कडीही लावली.