तात्यांचा मोतीबिंदू आणि माझी पट्टी

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार

ती. सुमनताईस,

धाकट्या रंगरावाचा साष्टांग नमस्कार (सध्या वाकायला मनाई आहे, म्हणून पत्रातूनच). तुझे गुडघे आणि दाजींचा स्वभाव, दोन्ही बरे असतील. तुझं दापोडी मेट्रोनं चार स्टेशनांवर असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आपल्या तात्यांचा मोतीबिंदू पिकलाय. मागच्या महिन्यात त्यांनी दारातल्या गॅस सिलिंडरला 'आत या' म्हटलं आणि पाहुणा हलेना म्हणून रागावले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर नको. तात्या म्हणाले, ऑपरेशनच नको. तेव्हा मी चाकणच्या कंपनीतला उपाय घरी लावला. तिथे शिफ्टआधी मी सगळ्यांना रांगेत उभं करून, उजवा हात पुढे धरायला लावून सुरक्षेची शपथ म्हणवून घेतो. तसंच घरी रोज सकाळी सातला मी, तुझी भावजय रुपाली आणि तात्या हॉलमध्ये उभे : 'ऑपरेशन हिताचं आहे, असं माझं स्वतःचं मत आहे.' (रुपालीनं दुसऱ्याच दिवशी भाजी करपते म्हणून रजा टाकली.) तात्यांचा आवाज सगळ्यांत खणखणीत. दहाव्या दिवशी मी रिक्षा आणली, तर म्हणाले, शपथ म्हणायची होती ती म्हटली, रिक्षाचं त्यात काही नव्हतं.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, "कंपनीत नवं मशिन आलं की आधी कोण चालवून दाखवतं?"

सुपरवायझर, म्हणजे मी. म्हणून मी नुसते डोळे तपासून दाखवायला गेलो, तर माझ्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. मी नको नको म्हणत होतो. तात्यांनी आग्रह केला नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "रंगा, भीती नक्की कशाची वाटते?" ताई, पाऊण तास मी बोललो, ते ऐकत राहिले, आणि शेवटी ऑपरेशनच्या कागदावर माझी मीच सही केली. आता मी पट्टी बांधून पडलोय आणि तात्या माझ्या डोळ्यात थेंब घालतात. (निम्मे कानात जातात.)

तेव्हा तू ये आणि त्यांना चांगलं ठणकावून सांग. मी मशिन चालवून दाखवलं, तरी ते अजून 'हो' म्हणत नाहीत.

तुझा,
रंगराव

ता. क. मला लिहायला बंदी आहे. मी सांगतोय आणि तात्या लिहितायत; रुपाली आजच आणून देईल. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर त्यांना बोलू नकोस.

आणखी ता. क. (हे रंगानं सांगितलेलं नाही.) सुमे, ठणकावू नकोस. मला भीती कशाची, ते या घरात अजून कुणी विचारलेलं नाही. पाऊण तास काढून ये. ऑपरेशनसाठी मंगळवारची वेळ मी स्वतःच डॉक्टरांकडे घेऊन ठेवलीय. रंगाला कळवू नकोस, सोमवारी सकाळी शपथ आहे, त्याचा हिरमोड होईल.