महालावरून दिसणारी सासुरवाडी

१४ एप्रिल १९७२, शुक्रवार
आज अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. सासुरवाडीनं बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, दिव्यानं ओवाळायचं. म्हणजे माझा प्रॉब्लेम सुटल्यातच जमा.

चांगुणा माहेरी जाऊन दोन महिने झाले. कारण क्षुल्लक. तिच्या आजारी आईला बघायला जायचं असं मी दिवाळीपासून दर रविवारी ठरवत होतो, आणि दर रविवारी काहीतरी निघत होतं. शेवटी ती एकटीच गेली. जाताना म्हणाली, आता तुम्ही स्वतः दारात येऊन न्याल तेव्हाच येईन.

जाईन की. पण जावयानं बिनबोलावता जायचं? आमच्या घराण्यात नाही. आता बोलावणं येईलच. पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला.

१६ एप्रिल, रविवार
निश्चय : दर रविवारी डोंगरावर फिरायला जायचं. निव्वळ प्रकृतीसाठी. शेजारच्या लिडियाबाई (मिशनच्या शाळेत शिकवतात) विचारत होत्या, सकाळी सकाळी कुठं? म्हटलं, चांदबिबीच्या महालावर, निसर्ग बघायला. घराची किल्ली नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे दिली.

महालाच्या पलीकडच्या उतारावर संत्र्याच्या बागा आहेत. त्यातली तिसरी बाग मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, हा योगायोग. त्यांच्या गावाला नगरहून थेट एस.टी. जाते, पण एस.टी.तून निसर्ग नीट दिसत नाही.

महालाच्या वरच्या मजल्यावर वारा छान. खाली मामांचं घर, विहीर, अंगण. दांडीवर चांगुणाचं डाळिंबी लुगडं वाळत होतं. पाऊण तास निसर्ग बघितला. मग ते कुणीतरी काढून नेलं.

उतरून बागेच्या कुंपणापर्यंत गेलो. दार तिथून दहा मिनिटांवर. पण बूट चावायला लागला. परत आलो.

१९ एप्रिल, बुधवार
टपाल नाही. ऑफिसात बन्सी सासुरवाडीहून धोंड्यांचा डबा आणि नवा टेरिलिनचा शर्ट मिरवत आला. मी म्हटलं, मला गोड वर्ज्य आहे. चार खाल्ले.

२३ एप्रिल, रविवार, संध्याकाळी
मोठी प्रगती! आज महालावर काळी छत्री नेली. वरच्या मजल्यावर अगदी कडेला उभा राहून ती उघडली, मिटली, परत उघडली. खाली बागेतला राखणदार पुंजाराम थांबला. डोळ्यांवर हात धरून बघत राहिला आणि घराकडे पळत सुटला.

म्हणजे दिसलो. आता बोलावल्याशिवाय त्यांची सुटका नाही. पहिल्या बोलावण्याला ‘ऑफिसात काम आहे’ असं कळवायचं, दुसऱ्याला जायचं. फार हलकं पडता कामा नये.

२८ एप्रिल, शुक्रवार
टपाल नाही. पहिल्या बोलावण्यालाच जायचं ठरवलं.

३० एप्रिल, रविवार
विचित्र प्रकार. छत्री उघडून उभा होतो, तर मेहुणा सहादेव आणि आणखी दोघं बागेतून निघून सरळ महालाकडे चढायला लागले. चढत कसले, पळत. न्यायला आले, हे उघड होतं. मी वाट बघतच उभा होतो असं दिसू नये म्हणून रस्त्याच्या बाजूनं घाईघाईनं उतरलो. दोन हाका ऐकू आल्या. बस समोरच होती, चढलो.

आता घरी बसल्यावर वाटतं, थांबायला हवं होतं. पण सहादेवच्या हातात दोर कशाला होता? बहुतेक बैल सुटला असेल.

४ मे, गुरुवार
भाकरी जमत नाही. पाव खातो. आज सगळी भांडी घासली. तिची चहाची कपबशी अडीच महिन्यांत कुणी वापरलेली नाही, तरी घासली. मग तिच्याच कपात चहा घेतला आणि थंड होईपर्यंत तसाच धरून बसलो.

निश्चय : असलं काही डायरीत लिहायचं नाही.

७ मे, रविवार
शेवटचा रविवार. शनिवारी महिना संपतो. आज महालावर थांबलो नाही, तडक खाली बागेत गेलो. झाडं वाळल्यासारखी, पानं पिवळी पडून गळालेली. पुंजाराम कुंपणापाशीच भेटला. म्हटलं, बाग गेली की काय? तो म्हणाला, न्हाई साहेब, बाग तानावर हाय. पानी तोडायचं, पान गळू द्यायचं, मंग पानी दिलं की लई फूल येतं. पर दिस मोजून. जास्त लांबवलं तर झाड हातचं जातं.

मला एकदम पटलं. मीही इतके दिवस चांगुणाला ताणच देत होतो. आता पाण्याची वेळ.

मग त्यानं बाकीचं सांगितलं. दर रविवारी महालाच्या कडेला छत्री घेऊन उभा राहणारा माणूस मामींनी अंगणातून ओळखला. जावईबापू जीव द्यायला चढल्यात, म्हणून त्यांनी हंबरडा फोडला. दोन दिवस अन्न घेतलं नाही. सहादेव दोर घेऊन पळाला तो मला बांधून खाली आणायला. आणि चांगुणा? ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, न्हाई देत जीव. ठरवत्यात नुसतं.

शिवाय मला कुणी बोलावणं धाडायचं नाही, अशी तिनं सगळ्यांना शपथ घातलीय. यायचं असलं तर आपल्या पायानं येतील, म्हणाली.

भयंकर अपमान! माझ्या निर्णयशक्तीबद्दल हे मत! तिथूनच परत फिरलो. दार दहा मिनिटांवर होतं.

रात्रीचं जेवण नाही. खरं सांगायचं तर अपमान बसमध्येच संपला. ती म्हणाली ते खरं आहे. फार भीती वाटते. ताण जास्त झाला असेल का?

१२ मे, शुक्रवार
उद्या रजा काढली. उद्या जायचं. थेट एस.टी.नं, थेट दारात. बोलावणं गेलं खड्ड्यात.

१३ मे, शनिवार, संध्याकाळी साडेसात
नीट क्रमानं लिहितो.

सकाळी पांढरा शर्ट घालून निघालो. लिडियाबाईंनी विचारलं, कुठं? बायकोला आणायला, असं सांगायला जीभ वळेना. म्हटलं, डोंगरावर, नेहमीप्रमाणे. किल्ली मात्र त्यांना दिली नाही. चांगुणाला घेऊन यायचं आणि दारात उभं राहून तिच्या हातात द्यायची, असं ठरवलं होतं. खिशात ठेवली.

वाटेत समोरून नगरकडे जाणारी एस.टी. आली. आमच्या ड्रायव्हरनं हात केला. आनंदाच्या भरात मीही केला.

सासुरवाडीच्या दारात पोहोचलो तर मामी रडायलाच लागल्या. चांगुणा सकाळच्या गाडीनं नगरला गेली होती. माझ्याकडेच, डब्यात धोंडे घेऊन. काल रात्री आईला म्हणाली होती, त्यांच्यानं दहा पावलं होत न्हाईत, मीच जाते.

मी उलटपावली निघालो. पण नारायण दारातून उपाशी जातो का? मामांनी पाट मांडला. पाय धुतले. मामींनी ओवाळलं. मी म्हणतोय बस जाईल, त्या म्हणतायत आणखी एक धोंडा घ्या, वर तूप घ्या. महिनाभर ज्याच्यासाठी झुरलो तो मान ताटात वाढलेला, आणि मी बसच्या आवाजाकडे कान लावून बसलेलो. हात धुतला तेव्हा दुपारची गाडी निघून गेली होती.

मग डोंगर चढून पळालो. महाल लागला, वर बघितलंसुद्धा नाही. पलीकडे उतरून रस्त्यावर एक ट्रक थांबवला. नगरला पोहोचायला साडेसहा वाजले.

दाराला कुलूप. कडीला डबा बांधलेला. लिडियाबाईंनी सगळं सांगितलं. चांगुणा सकाळपासून पायरीवर बसून होती. त्यांनी आत बोलावलं तर म्हणाली, इथंच बसते, येतील. त्यांच्याकडे किल्ली मागितली, ती नव्हती. हे कुठं गेलेत विचारलं, तेव्हा लिडियाबाईंनी मी सांगितलं तेच सांगितलं. डोंगरावर, निसर्ग बघायला.

ती जरा हसली म्हणे. मग शेवटच्या गाडीनं परत गेली. जाताना निरोप ठेवला : फिरून दमले असतील, धोंडे गरम करून खायला सांगा.

उद्या रविवार. उद्या पहिल्या गाडीनं जाणार म्हणजे जाणार.

१४ मे, रविवार, सकाळी साडेनऊ
पाय सुजलेत. पहिली गाडी गेली. शिवाय अधिक महिना काल संपला, त्यामुळे आता बिनबोलावता जाणं तसं बरं दिसणार नाही. पुढच्या रविवारी बघू.

किल्ली लिडियाबाईंकडे देऊन ठेवली. त्या म्हणाल्या, अहो, पण आज तर तुम्ही घरातच आहात. म्हटलं, असू द्या.