केसर घरी येते तेव्हा

बुधवार, कार्तिक, १९९८

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत बाहेरच्या कंपनीने नाटक केलं. शेवटी त्यातली लेक केसर घरच्यांवर रुसून डोंग्यातून नदीपार गेली आणि पडदा पडला. पुढे तिचं काय झालं, ते यंदा आमच्या गावची मंडळी करणार, लिहितोय मी. आज बायकोला, रुक्माला, शेवटचा प्रवेश वाचून दाखवला. केसर घराकडे परतते आणि तापाने डोंग्यातच जाते.

रुक्मा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमी गोष्ट वाचाले घेता तवा पह्यले मांगचं पान पाहता, पोरगी जित्ती हाये का नाई. अन् सोता लिवाले बसले का मारूनच टाकता! काऊन जी?" मग हळूच म्हणाली, "मी नाई येत यंदा नाटकाले."

खरं आहे तिचं. दुसऱ्याच्या गोष्टीत कोणाचं लेकरू गेलेलं मला सोसत नाही. लिहिताना मात्र तोच डोंगा. आमची कमल त्यातच गेली, सावली गावच्या दवाखान्यात नेताना. एवढीशी होती. लिहितो तेव्हा पुन्हा तिच्या उशाशी बसायला मिळतं, म्हणून का? देव जाणे.

दिवाबत्ती झाल्यावर तो प्रवेश फाडला. रुक्माने यावं म्हणून नव्याने लिहायला बसलो. केसर जिवंत उतरली, घरी आली, आईने पाय धुवायला पाणी दिलं. आता तिने आईशी चार शब्द बोलावे.

तिथेच अडलोय. एवढ्या मोठ्या लेकीचं बोलणं या घराने ऐकलेलंच नाही.