सुवर्णाची लेन

३ मार्च
तरणतलावावर नोटीस. सकाळी सात ते आठ, बायकांची वेळ, बंद. सरकारी अनुदान आलंय म्हणे. त्या वेळेत आता पदकवाले पोहणार. माझे गुडघे त्या पाण्यावर चालतात, त्याचं काय? पदक म्हणजे रिबिनीला टांगलेलं डब्याचं झाकण. मॅनेजरला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत सुनावलं. आजी, सुवर्णपदक आणा आणि लेन घ्या, असं तो मराठीत म्हणाला.

५ मार्च
ज्येष्ठांच्या पोहण्याच्या स्पर्धेतलं सुवर्णही चालतं. स्पर्धेत उतरणार. तू पदकांच्या विरोधात होतीस ना, असं ह्यांनी पेपरामागून विचारलं. तोंड न दाखवता बोलणाऱ्या नवऱ्याला मी उत्तर देत नाही.

१२ मार्च
सत्तरीपुढच्या गटात मी एकटीच. सुवर्ण मिळाल्यात जमा. उद्यापासून रोज दुपारी सराव. साखर बंद.

१३ मार्च
ऊन फार. सराव सोमवारपासून. चहातली साखर धरायची नसते.

२० मार्च
मॅनेजरचा फोन. गटात किमान दोघी हव्यात, नाहीतर शर्यत रद्द. तळमजल्यावरच्या गप्पाबाईला गाठलं. ही पाण्यात उतरते ती बोलायला. कठड्याचा दांडा सोडत नाही. अहो, मला कुठं धड पोहता येतं, म्हणाली. म्हटलं, नुसत्या उतरा, रौप्य तुमचंच. लगेच तयार. काय हा पदकाचा मोह.

२९ मार्च
गप्पाबाई रोज भर दुपारी टॉवेल घेऊन जाते. कोचही लावलाय. हरण्यासाठी एवढा आटापिटा. जिवाला जपा, असं मी तिला जिन्यात प्रेमानं सांगितलं.

६ एप्रिल
शर्यत झाली. शिट्टी अंमळ लवकर वाजली. पाणी जड होतं. मी शैलीकडे लक्ष दिलं, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे हनुवटी वर. मी पलीकडे पोचले तेव्हा गप्पाबाई अंग पुसून पंचांना सुनेबद्दल सांगत होती. मला रौप्य. दोघींत दुसरी म्हणजे शेवटचीच की, असं हे म्हणाले. जेवण वाढलं नाही.

१० एप्रिल
सात ते आठची लेन गप्पाबाईला मिळाली. सुवर्णवालीला एक मदतनीस नेता येते. तिनं टॉवेल धरायचा, पाण्यात उतरायचं नाही. येता का, असं गप्पाबाईनं स्वतःहून विचारलं. तिला आधाराची गरज आहे म्हणून गेले. पायरीवर बसून पाय तेवढे पाण्यात सोडले. बरं वाटलं.
आजी, पाय बाहेर, मॅनेजर म्हणाला.