पाचव्या चरातला दगड

सोमवार, ४ नोव्हेंबर
यॉर्कशरच्या या शेतावर पोचले आणि मन एकदम खूश झालं. पुरातत्त्वाच्या नोकरीतलं हे माझं पहिलंच काम. अ‍ॅल्डर्सलीबाईंना इथे वासरांसाठी गोठा बांधायचाय. त्याआधी जमिनीखाली जुनं काही नाही ना, हे सहा चर खणून बघायचं. जेसीबी चालवायला डेस्मंड आहे. साठीचा गडी, पायांत पिवळे बूट, तोंडाचा पट्टा सतत चालू. ब्रायनी हे नाव लांबलचक वाटतं म्हणून मला नुसतं 'पोरी' म्हणतो. आमची केबिन त्याने नेमकी सहाव्या चराच्या जागेवर उभी केलीय. शेवटी हलवू म्हणे. बाईंनी चहा आणि फ्रूटकेक आणून दिला. त्यांच्या सासऱ्यांनी हा कोपरा कधी नांगरला नाही म्हणे. का, ते त्यांनाही ठाऊक नाही.

मंगळवार
चार चर कोरे. पाचव्यात पिवळ्या मातीवर लांबट काळा डाग. थडगं! रीतीप्रमाणे अर्धंच खणलं, पायांकडचं. डोक्याकडची माती तशीच ठेवली. गुडघ्यांवर भला मोठा दगड होता. त्याला नंबर दिला, चित्र काढलं, जेसीबीने उचलून बाजूला ठेवला. आधी वरचं नोंदवायचं, काढायचं, मग खालचं बघायचं, हीच आमची पद्धत. खाली दोन्ही पायांची हाडं, सरळ, शेजारी शेजारी. सरकारी परवाना येईपर्यंत ती हलवायची नाहीत, म्हणून वर ताडपत्री घातली.

बुधवार
ताडपत्री काढली तर गुडघे दुमडलेले. चित्राशी काहीच जुळेना. तुझी पेन्सिल काल पबात बसली होती का पोरी, म्हणत डेस्मंड खो खो हसला. मीही हसले. नवखी मी, चूक माझीच असणार. जुनं चित्र खोडून नवं काढलं. पण मी मोजलं होतं. दोनदा.

गुरुवार
धुकं. पाय नाहीत. न खणलेल्या मातीत दोन भोकं आहेत, आतून ओढून घेतल्यासारखी. कुत्र्याचं काम, डेस्मंड म्हणाला. पण हसला नाही.
दुपारी डोक्यात प्रकाश पडला. तो दगड कुणीतरी मुद्दाम ठेवला होता. आतल्याने उठू नये म्हणून. आणि मी त्याला नंबर देऊन बाजूला काढला.
भीती वाटतेय. खूप. डेस्मंडला सांगितलं. उद्या येऊन आधी दगड होता तिथे ठेवतो म्हणाला.

शुक्रवार, सकाळी नऊ
डेस्मंडची गाडी आहे. तो नाही. हाका मारल्या.

सव्वानऊ
दगड जागेवर आहे. अगदी होता तिथे. हुश्श केलं, आणि मग—
दगडाखालून पिवळे बूट. सरळ. शेजारी शेजारी.
बाकीचा डेस्मंड न खणलेल्या मातीत. ती माती घट्ट आहे. कुणी हातही लावलेला नाही तिला—

केबिनमध्ये. कडी लावलीय. फोन लागत नाही. पळायला हवं, पण धुक्यात कुठे—
दगड एकच होता.

खरवडल्याचा आवाज. दाराशी नाही.
सहावा चर—केबिन त्याच्यावरच उभी—
खालून कुणीतरी तो खण