दाबल्यावर उतरणारा आवाज

चिखले, ३ एप्रिल २०२५

ती. लाहूकाकांना,
हेमालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही तीनदा कोण बोलतंय विचारता आणि ठेवून देता, म्हणून पत्र. शाळेत शिकलेला मायना आठवून लिहिला आहे, चुकला असेल तर हसू नका.

बातमी अशी की स्वप्निलदादाची हळद ८ मेला आहे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आईचं म्हणणं, घरच्या हळदीत त्यांच्या गिटारचा तो फाटका आवाज नसेल तर बेंजो पार्टीच बोलवू नका. दादाने काम माझ्या गळ्यात टाकलं, कारण गिटार मी वाजवते आणि डहाणूच्या दुकानात दिवसभर लोकांचे मोबाइल उघडून बसतेही मीच.

पायाने दाबून गिटारचा आवाज फाडायचं ते पेडल, तुम्ही बाबांना करून दिलेलं, माळ्यावर सापडलं. खाऱ्या हवेने आतलं सगळं खाल्लंय, काचेचे दोन डायोड तेवढे शाबूत. जुन्या सर्किटवरून मी नवं जोडलं, डायोड मात्र तेच घातले. काका, आवाज अगदी तोच येतो. आई चुलीवरची भाकरी तशीच टाकून दारात आली.

पण पेडल दाबलं की आवाज निम्म्यावर उतरतो. पाय काढला की गिटार पुन्हा खणखणीत. ढोल आणि बेंजोपुढे हे कुणाला ऐकू जाणार? काय चुकतंय ते कळवा.

रखमीकाकूंना नमस्कार. आईने सोबत सुकट दिली आहे. बाकी काहीही उतरलं तरी लोभ उतरू देऊ नये.

आपली,
हेमाली

उधवा, ९ एप्रिल २०२५

चि. हेमालीस,
लाहूकाकाचे अ. उ. आ.

मायना बरोबर आहे, अक्षर मात्र बापाच्या वळणावर गेलंय. सुकट पोचली. पोस्टमनने पाकीट हातभर लांब धरून आणलं.

माझ्या कानांची रड काय सांगू. वीस वर्षं भोंग्यांपाशी बसलो, तिथेच ते ठेवून आलो असं डॉक्टर म्हणतो. पण मीटर वाचायला कान लागत नाहीत, तेव्हा मी सांगतो तसं कर. आधी चौकोनी बॅटरी मोज, साडेआठच्या खाली असेल तर फेकून दे. मग सगळे सोल्डर पुन्हा तापव, एखादा कच्चा राहिला असेल. बाहेर जाणारा कंडेन्सर बदलून बघ. व्हॉल्यूमच्या तिन्ही तारा तपास, घाईत उलट्या लागतात. एवढं करून भागलं नाही तर डायोड काढून त्यांच्या जागी दोन लाल एलईडी लाव.

दोष तुझ्या जोडणीतच सापडेल. माझं पेडल वीस वर्षांत एकदाही बसलं नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

वेणूवहिनींना नमस्कार. हातून चूक झाली तरी आमची माया कमी होत नाही, हे ध्यानात असू दे.

तुझा,
लाहूकाका

चिखले, १५ एप्रिल २०२५

ती. लाहूकाकांना,
सा. न. वि. वि.

सगळं केलं. बॅटरी नऊच्या वर आहे. सोल्डर नव्याने दिले, तुमचा तो कंडेन्सर दोनदा बदलला, व्हॉल्यूमच्या तारा बरोबर निघाल्या. शेवटी लाल एलईडी लावले, तर आवाज धडाधड आला, शेजारच्या प्रगतीची मुलं ओट्यावर नाचायला लागली. आईने मात्र कपाळाला आठी घातली. म्हणाली, हा मिक्सर झाला, हे तुझे बाबा नाहीत. म्हणून पुन्हा जुने डायोड लावले. आवाज बाबांचा आला, आणि उतरला.

तुमच्या हातात ते वीस वर्षं कधी बसलं नाही आणि माझ्या हातात एक दिवस धड चालत नाही. मला फार वाईट वाटतं, काका. त्यांची एक वस्तू उरली होती, ती मीच बिघडवली असं सारखं मनात येतं. बेंजो पार्टीला अजून होकार कळवलेला नाही. तुमच्या पत्राची वाट पाहते.

रागावला असाल तरी आशीर्वाद पाठवा.

आपली,
हेमाली

उधवा, २१ एप्रिल २०२५

चि. हेमालीस,
अ. उ. आ.

तीन दिवस कागद घेऊन बसतो आणि उठतो. रखमीने शेवटी पेन हातात कोंबलं.

पोरी, तू काही बिघडवलं नाहीस. दोष माझ्या डब्यातच होता, अगदी पहिल्या दिवसापासून. ते जर्मेनियमचे जुने डायोड आवाज फार लवकर कापतात. म्हणून तो इतका गोड फाटतो आणि म्हणूनच बारीक होतो. पुढे उचलायला एक ट्रान्झिस्टर हवा, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. तोवर तुझा बाप, आमचा काळू, गावोगाव सांगून बसला होता की लाहूच्या हातचं पेडल मुंबईतही मिळायचं नाही. आता कोणत्या तोंडाने सांगू?

तो लोकांकडे तोंड करून वाजवायचा, मी त्याच्या मागे अ‍ॅम्प्लिफायरपाशी. त्याचा पाय पेडलवर पडला की मी आवाजाचं बटण चढवायचो, निघाला की उतरवायचो. गोंगाटात तेव्हाही धड ऐकू यायचं नाही, सगळा कारभार त्याच्या पायावर डोळा ठेवून. अशी वीस वर्षं काढली आणि त्याला कळू दिलं नाही. मग तो गेला. सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण ऐकायला तो कुठे होता?

सोबत ट्रान्झिस्टरचा नकाशा काढून दिला आहे. तेवढा जोड, आवाज चढेल आणि पेडल माझ्या खोटेपणातून सुटेल. हळदीला माझी वाट पाहू नका. गाण्याबजावण्याच्या घरी बहिऱ्याने काय करायचं?

मला क्षमा करून लोभ चालू ठेवता आला तर ठेव.

तुझा,
लाहूकाका

चिखले, २६ एप्रिल २०२५

ती. लाहूकाकांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. आधी ती पोट धरून हसली, मग पदर डोळ्यांना लावला, आणि मग जे सांगितलं ते मलाही नवं होतं.

बाबांना ठाऊक होतं, काका. बोर्डीच्या एका हळदीत तुम्ही चहाला उठलात आणि बाबांनी पेडल दाबलं. आवाज धपकन बसला. वळून पाहिलं तर तुमची खुर्ची रिकामी. घरी येऊन त्यांनी आईला सगळं सांगितलं आणि वर शपथ घातली, की लाहूला कळता कामा नये. कळलं तर तो डबा खाडीत फेकेल आणि लाजेने यायचा बंद होईल. तेव्हापासून ते दाबण्याआधी पाय चांगला वर उचलायचे, जरा थांबायचे, मग दाबायचे. लोकांना ती ऐट वाटायची. आई म्हणते, ते सगळं तुम्हाला दिसावं म्हणून होतं.

तुमचा ट्रान्झिस्टर मी जोडलेला नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, पण जोडणार नाही. कान गेले म्हणून तुम्ही येत नाही, आणि ते काम कानाने कधी केलंच नाही हे तुम्हीच लिहिलंय. आईचा निरोप असा की तुम्ही आला नाहीत तर हळद मुकी होईल.

बेंजो पार्टीला होकार कळवला आहे. लोभ आहेच, आता येणं व्हावं.

आपली,
हेमाली

उधवा, १ मे २०२५

चि. हेमालीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चारदा वाचलं. मी त्याच्यापासून लपवत होतो आणि तो माझ्यापासून. रखमी म्हणते, दोघांच्या बायकाच तेवढ्या शहाण्या. तिच्यासमोर मोठ्याने रडलो, असं तीच सांगते, मला काही ऐकू आलं नाही.

सात तारखेच्या सकाळच्या एसटीने आम्ही दोघं निघतो. अ‍ॅम्प्लिफायर तुझ्या मागे ठेव आणि त्याच्याजवळ खुर्ची टाक. काळू उजव्या पायाने दाबायचा. तू कोणत्या पायाने दाबतेस ते मला आल्याबरोबर दाखव, खुर्ची त्या बाजूला सरकवून घेईन. आणि हळदीची साडी घोळदार असेल तर जरा वर खोच. मला पाय दिसला पाहिजे.

तुझा,
लाहूकाका