मोंत्रुवालच्या सिनेमागृहावर माझं नाव

६ ऑक्टोबर, सकाळी ८
मोंत्रुवालच्या नगरपालिकेचं पत्र आलं. माझं जन्मगाव. तिथल्या जुन्या सिनेमागृहाची दुरुस्ती पूर्ण झाली असून ३१ तारखेला त्याला माझं नाव देणार आहेत. आश्चर्य वाटलं नाही. एक्केचाळीस चित्रपट केले आहेत. त्यांतल्या सतरांत मला संवाद आहेत.

पाकिटावर 'मादमोआझेल बेरांजेर दूक्लो यांच्या परिवारास' असं लिहिलं होतं. लहान गावांत अजून अदब आहे. परिवार म्हणजे आपणच, असं म्हणून सोलांजने ते फोडलं. धाकट्या बहिणीने दुसऱ्याची पत्रं फोडू नयेत, हे तिला पन्नास वर्षं सांगते आहे.

आजपासून पाव बंद. भाषण दहा मिनिटांचं करायचं. रडायचं नाही.

६ ऑक्टोबर, दुपारी
अर्धा पाव खाल्ला. गरम होता. उद्यापासून.

९ ऑक्टोबर
कानच्या चित्रपट महोत्सवाला गेले त्या वर्षी शिवलेला राखाडी रेशमी पोशाख काढला. मागची चेन चार बोटं अलीकडेच थांबते. रेशीम आटतं. सोलांज म्हणाली, ताई, रेशीम आटलं असेल तर फक्त कमरेतच कसं आटलं? चेन पुन्हा ओढून पाहिली.

एजंटला फोन केला. तिसऱ्या वेळी त्याची सेक्रेटरी सापडली. नावाचं स्पेलिंग विचारलं. मग विचारलं, आपण त्यांच्या कोण? मी म्हटलं, मी तीच. ती म्हणाली, हो का, मग निरोप देते. निरोप पोचला असणार. एजंट विचार करतो आहे.

१३ ऑक्टोबर
नगरपालिकेत सांस्कृतिक खातं बघणारे मस्यू पेल्तिए यांचं पत्र. काचेच्या कपाटात ठेवायला माझ्या काही वस्तू हव्या आहेत. चपला, पंखा, 'शेवटचा फोटो'. शेवटचा म्हणजे अलीकडचा. अलीकडचा पाठवला, १९८४ चा. सोबत स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या, खाली सही 'बे. दूक्लो'.

१७ ऑक्टोबर
पेल्तिएंचं उत्तर. लिहितात की तुमच्या अक्षरात त्यांची झाक दिसते, घराण्याचा गुणच म्हणायचा. गडबडीचा माणूस दिसतो. मात्र भावना चांगली.

त्याच पत्रात माझ्या नावाआधी एक छोटा शब्द आहे: फो. आमच्या भाषेत फो म्हणजे आग. 'आगीसारखी मादमोआझेल दूक्लो.' १९७६ मध्ये एका समीक्षकाने माझ्याबद्दल जवळपास हेच लिहिलं होतं. सोलांज म्हणाली, अगं ताई, फो म्हणजे आग चुलीत. नावाआधी लागला की त्याचा एकच अर्थ, पाद्रीबाबांना विचार. कैलासवासी! त्यांना वाटतंय तू मेलीस!

साहित्याची पदवी मी घेतली आहे, सोलांजने नाही. ती शुद्धलेखनात दोनदा नापास झाली होती. मत्सर माणसाला किती खालच्या थराला नेतो, याची नोंद करून ठेवते.

१८ ऑक्टोबर
सोलांजने वेबसाइटचा विषय काढला. झालं होतं ते असं. सिनेमा-कलाकारांची माहिती देणाऱ्या एका वेबसाइटवर माझी शेवटची भूमिका 'कपड्यांच्या साबणाची जाहिरात, २००९' अशी होती. वसंतात मी त्यांना खरमरीत पत्र लिहिलं: जाहिरात काढा, आणि २००९ मध्ये सगळं संपलं एवढंच समजा. त्यांनी जाहिरात काढली आणि नावापुढे कंसात टाकलं, १९५८–२००९. मला ते आवडलं होतं. मोठ्या लोकांचं असंच असतं, दोन सालं आणि मधे एक रेघ.

सोलांज म्हणाली, यातलं पहिलं साल तू खोटं सांगितलंस, दुसरं त्यांनी चुकीचं समजून घेतलं. नगरपालिकेने तेच वाचलंय, आता त्यांना फोन कर आणि सांग की मी जिवंत आहे.

एका अभिनेत्रीने सरकारी कचेरीत फोन करून 'मी जिवंत आहे' असं सांगणं शोभत नाही.

२० ऑक्टोबर, सकाळी १०
तरीही फोन उचलला. नंबर फिरवण्याआधीच ठेवला. लाइन खराब असावी.

२० ऑक्टोबर, सकाळी ११
लाइन खराबच आहे.

२४ ऑक्टोबर
छापील कार्यक्रमपत्रिका आली. अकरा वाजता महापौरांचं भाषण. अकरा वीसला एक मिनिट शांतता. नंतर पाटीवरचा पडदा दूर करणे आणि महापौरांतर्फे वाइन. शांततेची कल्पना ज्याची असेल त्याला रंगभूमी कळते. नायिकेच्या प्रवेशाआधी तसा एक श्वास हवाच असतो. माझं भाषण पत्रिकेत नाही. उघड आहे, त्यांना ते अचानक हवं आहे.

भाषण सध्या अडतीस मिनिटांचं झालं आहे. बालपणच काढून टाकावं लागेल. पण बालपण मोंत्रुवालमध्येच गेलं. मग पहिलं लग्न काढते.

वजन तीनशे ग्रॅम वाढलं. काटा जुना आहे.

२९ ऑक्टोबर
राखाडी पोशाखावर शाल घ्यायची, म्हणजे पाठ दिसणार नाही. भाषणात पहिलं लग्न पुन्हा घातलं, त्याशिवाय दुसरं कळत नाही. सोलांज म्हणाली, मी येणार, हे मला बघायचंच आहे. प्रेम आहे शेवटी.

३१ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा, सिनेमागृहात पहिल्या रांगेत
सुंदर. दारावर पडद्याआड पाटी. पडदा पातळ असल्यामुळे आतलं 'दूक्लो' वाचता येतं. सोनेरी अक्षरं. बराच वेळ बघत उभी राहिले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, ताजा रंग दिला आहे ना.

पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना शेवंतीच्या कुंड्या. आमच्याकडे शेवंती फक्त थडग्यावर नेतात, आणि उद्याच पितरांचा सण, म्हणून बाजारात दुसरं काही मिळालं नसणार. सोलांजने सोळा कुंड्या मोजल्या आणि तोंडावर रुमाल धरला.

मस्यू पेल्तिएंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, धीर धरा. मग म्हणाले, अगदी त्यांच्यासारख्या दिसता हो, फक्त त्या दिसायला जरा उजव्या होत्या. आम्हाला पहिल्या रांगेत 'परिवार' असं लिहिलेल्या खुर्च्यांवर बसवलं.

३१ ऑक्टोबर, दुपारी ४, परतीच्या गाडीत
घडलं तसं लिहिते.

महापौरांनी माझं आयुष्य सात मिनिटांत आटोपलं. चांगलं बोलले. मला ठाऊक नसलेले तीन चित्रपटही सांगितले. मग सगळे उठून उभे राहिले. शांतता पसरली. मी व्यासपीठावर गेले आणि भाषण सुरू केलं.

दहाव्या सेकंदाला पेल्तिए कुजबुजले, बाई, शांतता चालू आहे. मी म्हटलं, ती मी आल्यावर संपते. तिसऱ्या रांगेतून एक काठी वर झाली. एर्नेस्तीन बार्बोतेन, शाळेत माझ्या बाकावर बसायची. ओरडली, अगं बाई, ही तर तीच! मेलेलीच बोलतेय! शाळेतसुद्धा मौनाच्या वेळी नेमकी हीच बोलायची!

कोणी छातीवर क्रूसाची खूण केली. कोणीतरी महापौरांना खुर्ची दिली. मी वाकून अभिवादन केलं. टाळी एकच वाजली, सोलांजची.

महापौरांनी पाणी पिऊन ओळखपत्र मागितलं. पेल्तिएंनी ते माइकजवळ वाचलं, जन्मसालासकट. एर्नेस्तीन म्हणाली, बरोबर, माझंच साल! सभागृहात खसखस पिकली. माझं वय पाच वर्षांनी वाढलं तेव्हा लोकांना आनंद झाला, मी जिवंत निघाले तेव्हा कोणाला झाला नव्हता.

मग महापौर आणि पेल्तिए कोपऱ्यात गेले. परत येऊन पेल्तिए अजिजीने म्हणाले, मादमोआझेल, नगरपालिकेचा नियम आहे, नाव फक्त दिवंगतांचं देता येतं. तुमची यात काही चूक नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, अपवाद करा. महापौर म्हणाले, एकदा जिवंत माणसाला सवलत दिली तर उद्या गावातला प्रत्येक जण मागेल, माझा मेहुणा पहिला.

वाइन मात्र दिली. लोक माझ्यापासून थोडे लांब उभे राहून प्यायले. आम्ही निघालो तेव्हा दोन माणसं शिडी लावून पाटीचे स्क्रू काढत होती. भाषणातली सदतीस मिनिटं शिल्लक आहेत.

गाडीत सोलांजने पर्समधून पाव काढून अर्धा मला दिला. घेतला.

४ नोव्हेंबर
वेबसाइटने चूक सुधारली. मधली रेघ गेली, दुसरं सालही गेलं. पहिलं खरं टाकलं आहे. साबणाची जाहिरात परत आली.

एजंटचा फोन नाही. लाइन तपासून घेतली. उत्तम आहे.

९ नोव्हेंबर, सकाळी ८
मोंत्रुवालहून पत्र. या वेळी पाकिटावर फक्त माझं नाव, परिवार नाही, फो नाही. सिनेमागृह तूर्त बिननावाचं राहील. पाटी तेलाचा हात देऊन, कापडात गुंडाळून नगरपालिकेच्या तळघरात जपून ठेवली आहे. नाव देण्याचा ठराव कायम आहे, फक्त अंमलबजावणी पुढे ढकलली आहे. शेवटी पेल्तिएंनी विनंती केली आहे की योग्य वेळ येताच कृपया आम्हाला विनाविलंब कळवावे.

निर्णय: मुळीच कळवणार नाही.

सोलांज म्हणाली, तू कशाला त्रास घेतेस ताई, मी कळवीन ना.